पिशवी कुजते, पण कुठं?

(प्रभाग संघाच्या वार्षिक सभेत एका ग्रामसंघाच्या माजी सचिव ताईंनी केलेलं भाषण. बऱ्याच गटांनी मागणी केली म्हणून बोलल्याप्रमाणेच इथं देत आहोत.)



मला पंधरा मिनिटं दिलीत. मी काही शिकवायला उभी नाही. माझ्याकडून एक चूक झाली होती, ती सांगायला उभी आहे. कारण तीच चूक आज आपला संघ मोठ्या रकमेची करू शकतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा गट कांदा-लसूण मसाला आणि कुरडया करून जत्रेत, प्रदर्शनात विकायचा. प्लास्टिक पिशवी द्यायची नाही हे सगळ्यांना पटलेलं. तेवढ्यात एक व्यापारी आला. पिशवीवर हिरवं पान छापलेलं, खाली लिहिलेलं, 'शंभर टक्के विघटनशील'. साध्या पिशवीच्या दुप्पट भाव. मी तेव्हा सचिव. बैठकीत मीच सगळ्यांना पटवलं, की बायांनो, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण आपली पिशवी मातीत जाऊन माती होईल. गटाच्या बचतीतून बारा हजार रुपये काढले. ठरावावर सही माझी.

आमच्या सासूबाई जुन्या माणूस. त्यांनी त्यातली एक पिशवी घेतली आणि उकिरड्यात टाकली. पावसाळा गेला, दिवाळी झाली, शेणखत रानात टाकायला ट्रॉली आली. खोऱ्यानं खत ओढताना ती पिशवी वर आली. सासूबाईंनी ती झटकली, माझ्यापुढं धरली आणि म्हणाल्या, "अगं, म्हशीचं शेण कुजलं, उसाचं पाचट कुजलं, पर तुझ्या पिशवीवरचं पान अजून हिरवंच हाय की गं!"

तुम्ही हसताय. मी त्या दिवशी हसले नाही. व्यापाऱ्याला फोन केला, प्रमाणपत्र मागितलं. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. उरलेल्या पिशव्या अजून आमच्या माळ्यावर आहेत. गटात बोलाचाली झाली. एक मावशी दोन महिने बैठकीला आल्या नाहीत. त्यांचा राग पैशाचा नव्हता. त्या म्हणाल्या, "लोकांना आपण खोटं सांगितलं." हे मला लागलं.

मग मी विचारायला लागले. माझ्या लेकीच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या बाई आहेत, त्यांच्याकडं जाऊन बसले. त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते.

भाकरीचा घास तोंडात बराच वेळ चावत राहिलं, तर काय होतं? गोडसर लागतो. कशामुळं? ज्वारीतलं पीठ म्हणजे साखरेच्या बारीक बारीक मण्यांची लांब माळ. आपल्या थुंकीत एक पदार्थ असतो, तो ती माळ तोडतो. मणी सुटे झाले की गोड लागतं. जमिनीतले जिवाणू आणि बुरशी हेच करतात. पालापाचोळ्यातल्या माळा तोडतात, सुटे मणी खातात. शेवटी काय उरतं? हवेत जाणारा वायू, पाणी आणि थोडं खत. याला कुजणं म्हणतात.

प्लास्टिक पण लांब माळच आहे. पण आपली नेहमीची कॅरीबॅग ज्याची असते, त्या पॉलिथिनच्या माळेला जिवाणूला दात लावायला गाठच नाही. म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच राहते. उन्हानं फाटते, तुकडे होतात, पण तुकडा झाला म्हणजे कुजलं असं होत नाही. मीठ कुटून बारीक केलं तरी ते मीठच.

आता बाजारात 'विघटनशील' म्हणून जे येतं, त्यात चार जाती आहेत. नीट ऐका, कारण फसगत इथंच होते.

पहिली जात. साधं पॉलिथिनच, पण त्यात एक रसायन मिसळलेलं. ऊन आणि हवा लागली की पिशवी लवकर ठिसूळ होते आणि तिचा भुगा पडतो. याला ऑक्सो-डिग्रेडेबल म्हणतात. भुगा डोळ्याला दिसत नाही म्हणून वाटतं कुजली. पण तो भुगा प्लास्टिकचाच. मातीत जातो, विहिरीत जातो, माशाच्या पोटात जातो. युरोपीय देशांनी २०२१ च्या जुलैपासून अशा वस्तूंवर बंदी घातली. आमच्या पिशव्या बहुतेक याच जातीच्या होत्या. उकिरड्याच्या पोटात ऊन नाही, म्हणून भुगा सुद्धा झाला नाही.

दुसरी जात. पीएलए. मका किंवा उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल करतात. दही आंबट होतं ते याच आम्लानं. त्या आम्लाची माळ म्हणजे पीएलए. याला गाठी आहेत, जिवाणू तोडू शकतात. मग अडचण काय? गाठी घट्ट आहेत. आधी पाण्यानं आणि उष्णतेनं त्या सैल व्हाव्या लागतात. हरभरा थंड पाण्यात आठ दिवस ठेवला तर भिजेल, मोड येतील, नासेल, पण शिजेल का? आच लागतेच. पीएलएला साठ अंशाच्या आसपासची ऊब लागते, ती सुद्धा एक-दोन दिवस नाही, आठवडेच्या आठवडे.

तिसरी जात. पीबीएटी. ही बनते खनिज तेलापासून, तरीही जिवाणू हिला खातात. पातळ कंपोस्टेबल पिशव्यांत बहुधा हिच्यात स्टार्च नाहीतर पीएलए मिसळलेलं असतं. म्हणजे लक्षात घ्या, झाडापासून बनलं म्हणून कुजेलच असं नाही आणि तेलापासून बनलं म्हणून कुजणारच नाही असंही नाही. ब्राझीलमध्ये उसापासून पॉलिथिन करतात. ऊस आपलाच, पण ती पिशवी आपल्या नेहमीच्या पिशवीसारखीच. कुजत नाही.

चौथी जात. पीएचए. ही तर जिवाणूच आपल्या पोटात साठवतात, आपल्या अंगात चरबी साठते तशी. १९२६ साली मॉरिस लेमॉइन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं ती शोधली. मातीत, पाण्यात, समुद्रात सुद्धा ही कुजते. पण महाग पडते, म्हणून आपल्या बाजारात सहसा दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ताई, पिशवीवर 'कंपोस्टेबल' लिहिलेलं असतं, सरकारी प्रमाणपत्र असतं, ते खोटं का? खोटं नाही. पण त्याचा अर्थ समजून घ्या. आपल्या देशात त्यासाठी आयएस/आयएसओ १७०८८ नावाचं मानक आहे. परीक्षा कशी घेतात? खताच्या ढिगात साधारण ५८ अंश उष्णता धरून ठेवतात. ओल धरतात, हवा खेळती ठेवतात. बारा आठवड्यांनी दोन मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांपेक्षा जास्त तुकडे उरता कामा नयेत. आणि १८० दिवसांत त्यातला नव्वद टक्के कार्बन वायू होऊन गेला पाहिजे. पास झाली की कंपोस्टेबल.

म्हणजे ती पिशवी पास झाली ५८ अंशाच्या वर्गात. आपल्या रानाची माती वीतभर खाली हाताला गार लागते. कृष्णेचं पाणी गार असतं. तिथं ती पिशवी त्या वेगानं कशी कुजणार?

कुजायला चार गोष्टी लागतात. ऊब, ओल, हवा आणि जिवाणू. एक कमी पडली की काम थांबतं. आपल्या गावातल्या एकेक जागा बघू.

उकिरडा. माघात उकिरडा उकरताना आतून वाफ निघते, हात घातला तर चटका बसतो, हे तुम्हाला माहीत आहे. तिथं ऊब आहे. पण ती पोटात आहे, कडेला नाही, आणि थोडे दिवसच राहते. ढीग मोठा असेल, ओला असेल, पालथा घातला जात असेल तर प्रमाणित कंपोस्टेबल पिशवी तिथं बरीचशी कुजेल. नुसता टाकून ठेवलेला ढीग असेल तर अर्धवट राहील.

गांडूळखताचा बेड. आपल्यातल्या कितीतरी गटांचे आहेत. इथं एक गंमत आहे. बेड गरम झाला तर गांडुळं मरतात, म्हणून आपण तो मुद्दाम गार ठेवतो. म्हणजे पीएलएसाठी ती जागा बरोबर उलटी. ते कप, चमचे बेडमध्ये टाकू नका. खत चाळताना तुकडे वेचत बसाल आणि गिऱ्हाईक म्हणेल खतात प्लास्टिक आहे.

रान. महाबळेश्वर, जावळी, वाईच्या बाया इथं आहेत. स्ट्रॉबेरीला मल्चिंग पेपर लागतो. हंगाम संपला की तो कागद सोलून काढायचं काम कुणाचं? आपलंच. निम्मा निघतो, निम्मा फाटून मातीत राहतो, नाहीतर बांधावर पेटवतात आणि तो धूर आपणच घेतो. त्यासाठी मातीत कुजणारा मल्चिंग पेपर निघाला आहे. युरोपात २०१८ साली त्याचं वेगळं मानक झालं. त्यात परीक्षा घेतात मातीतच, २० ते २८ अंशात, आणि दोन वर्षांत नव्वद टक्के कुजला पाहिजे. बघा, ही परीक्षा आपल्या रानाच्या जवळची आहे. पण दोन वर्षं म्हणजे दोन हंगाम. पहिल्या वर्षी तुकडे दिसणारच. आणि पाऊस थांबल्यावर माती कोरडी पडली की कुजणंही थांबतं. तेव्हा विकणारा म्हणाला 'मातीत गाडा, विसरून जा', तर विचारायचं, दादा, कोणत्या मानकाचा? मातीच्या की भट्टीच्या?

नदी. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, वाईवरून येते, कराडला कोयनेला भेटते, हरिपूरला वारणा घेते. साताऱ्यानं टाकलेलं सांगलीच्या दारात येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या बाभळींवर काय लटकत होतं, ते मिरज, पलूस, वाळव्याच्या बायांना सांगायला नको. चिंध्या आणि पिशव्या. त्यातली एखादी 'विघटनशील' असती तरी काय फरक पडला असता? झाडाला लटकलेल्या पिशवीला ओल नाही, ऊब नाही. पाण्यातल्या पिशवीला ऊब नाही.

इंग्लंडमध्ये प्लिमथ विद्यापीठानं पिशव्या तीन वर्षं मातीत, समुद्रात आणि उघड्या हवेत ठेवून पाहिल्या. २०१९ साली निकाल आला. 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेली पिशवी तीन वर्षं मातीत आणि समुद्रात राहून सुद्धा बाजाराचं ओझं पेलत होती. 'कंपोस्टेबल' पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत सत्तावीस महिन्यांनंतरही होती, फक्त वजन पेलत नव्हती. आमच्या सासूबाईंनी उकिरड्यात केलं ते वेगळं काय होतं? फक्त त्यांनी लिहून ठेवलं नाही.

आता गाई-म्हशींचं. पिशवीवर काहीही छापलेलं असो, जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातच ती अडकते. जनावराचं पोट म्हणजे ५८ अंशाचा ढीग नव्हे. शिळं अन्न पिशवीत बांधून टाकू नका.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण दंड आपल्याला बसतो. आपल्या राज्यात २३ मार्च २०१८ ला प्लास्टिक बंदीची अधिसूचना निघाली. पहिल्यांदा सापडलं तर पाच हजार, दुसऱ्यांदा दहा हजार, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. रोपवाटिका, शेती आणि घनकचरा यांच्यासाठीच्या कंपोस्टेबल पिशव्यांना त्यात सवलत दिली, ती सुद्धा कशासाठी आहे ते पिशवीवर छापलेलं असेल तर. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ, ताटल्या, थर्माकोलची सजावट बंद झाली. कंपोस्टेबल माल करून विकणाऱ्या उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचा क्रमांक मालावर हवा. २०२४ च्या सुधारित नियमात 'बायोडिग्रेडेबल' म्हणायचं तर सूक्ष्म प्लास्टिक मागं राहता कामा नये, असं म्हटलं आहे. हिरवं पान छापायला कुणाची परवानगी लागत नाही, हे ध्यानात ठेवा. पान बघू नका, क्रमांक बघा.

आता मूळ मुद्द्यावर येते. आज सभेपुढं एक प्रस्ताव आहे. संघानं कर्ज काढून कंपोस्टेबल पिशव्यांचं यंत्र घ्यावं आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या गटांनी पिशव्या विकाव्यात. प्रस्ताव मांडणाऱ्या ताईंचा हेतू चांगला आहे. माझाही तेव्हा चांगलाच होता. मी विरोध करायला उभी नाही, पण सही करण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं कागदावर आणा, एवढंच मागते.

एक. दाणा कुठून येणार? यंत्र आपलं असलं तरी पिशवीचा कच्चा माल आपण करत नाही. तो कोणत्या जातीचा आहे, पीएलए आहे की आणखी काही, हे लेखी हवं. आपल्याच भागात ऊस आहे, साखर आहे. जेजुरीला २०२४ मध्ये अशा जैविक प्लास्टिकचं प्रात्यक्षिक केंद्र सुरू झालं आहे. उद्या स्वस्त दाणा जवळ मिळेलही. पण कर्जाचा हप्ता उद्यावर थांबत नाही.

दोन. प्रमाणपत्र कुणाच्या नावावर? दुसऱ्याच्या प्रमाणपत्रावर आपला माल विकता येत नाही.

तीन. घेणार कोण? कंपोस्टेबल पिशवी चांगली कुठं? जिथं ओला कचरा त्याच पिशवीत गोळा होतो आणि पिशवीसकट गरम कंपोस्टच्या ढिगात जातो तिथं. कराड नगरपरिषदेनं २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिला नंबर काढला. अशा शहरांना जाऊन विचारा, तुमच्या प्रकल्पात ही पिशवी चालते का? हो म्हणाले तर लेखी मागणी आणा. मग मी पहिली सही करते.

चार. वापरून झाल्यावर ती कुठं जाणार? याचं उत्तर 'मातीत' असं आलं, तर यंत्र घेऊ नका. भंगारवाल्याकडं गेली तरी नुकसानच. साध्या प्लास्टिकमध्ये मिसळली की वितळवताना त्याचाही माल बिघडतो.

तोवर काय करायचं? आपल्याकडं बिनप्रमाणपत्राची कुजणारी वस्तू कमी आहे का? पळसाची पत्रावळ आणि द्रोण, केळीचं पान, सुतळीची पिशवी, जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी. आमच्या गटानं बारा हजार घालवल्यावर तेच केलं. शिलाई मशीन घरात होतीच. साडीच्या पिशवीत मसाल्याचा पुडा घालून देतो, पिशवीचे दहा रुपये घेतो आणि पिशवी परत आणली तर पुढच्या खरेदीत ते वजा करतो. काही बाया तीच पिशवी घेऊन परत येतात. पिशवी टिकते म्हणूनच गिऱ्हाईक टिकतं.

चोथ्याच्या म्हणजे बगॅसच्या ताटल्या चांगल्या आहेत, पण आतून चकचकीत थर दिला आहे का ते विचारा. कागदी कपाच्या आत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. तो कप खतात टाकू नका.

आणि एक काम प्रत्येक गटानं करा. खर्च काही नाही. कांद्याच्या जाळीच्या चार पिशव्या घ्या. एकीत पळसाचं पान, दुसरीत सुती कापडाचा तुकडा, तिसरीत 'कंपोस्टेबल' पिशवीचा तुकडा, चौथीत साध्या कॅरीबॅगचा तुकडा. चारही वीतभर खोल पुरा, दोरी वर ठेवा, तारीख लिहा. मृगात पुरल्या तर दसऱ्याला एकदा आणि पुढच्या मृगात एकदा उकरा. फोटो काढून संघाकडं पाठवा. पुढच्या वर्षी याच सभेत आपण ते मांडू. मग कुणी हिरवं पान दाखवायला आलं, तर आपण त्याला आपली माती दाखवू.

शेवटी एकच सांगते. रुसलेल्या मावशी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी मला माफ केलं, पण ते बारा हजार गटानं प्रत्येकीच्या बचतीतून भरून काढले. कुणी अंडी विकली, कुणी भांगलणीला गेली. तो पैसा असा होता. संघाच्या कर्जातला पैसाही तसाच आहे. म्हणून हात वर करण्याआधी चारही प्रश्न विचारा. मला विचारायचं राहून गेलं होतं.